तोंडात उरलेला होकार

माझ्या आजारपणात समाचाराला आलेल्या एकाही माणसाला मी माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही. लोक म्हणतात, बाई, आता बोलायला लागलात ना, झालं गेलं विसरा. पण माझ्या मेंदूचा जो भाग गेला तो बोलण्याचा. लक्षात ठेवण्याचा भाग धडधाकट आहे आणि त्याचा मी पुरेपूर वापर करणार आहे. हे मी डाव्या हाताने, फोनवर, एकेक अक्षर शोधत लिहिते आहे. एका परिच्छेदात कधी कधी अख्खी सकाळ जाते. त्यामुळे हे सगळं रागाच्या भरात लिहिलंय असं कोणी म्हणू नये. राग आहेच, पण तो सावकाश लिहिलेला आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. सगळी नोकरी समुद्राच्या काठाकाठाने झाली, आधी मिठबावला आणि नंतर मालवणात. माझा आवाज शाळेच्या आवाराबाहेर रस्त्यापर्यंत जायचा. चुकीचं उत्तर कानावर पडलं की डोक्यात तिडीक उठायची, आणि निवृत्त झाल्यावरही ती काही निवृत्त झाली नाही. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. शांत माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. घरात बोलायचं मी आणि ऐकायचं त्याने, अशी आमची वाटणी होती. आम्हाला मूल नाही. शाळेतली होती तेवढी पुरे झाली. भिंतीला भिंत लावून दिराचं घर, आणि तिथे माझी धाकटी जाऊ पर्यटकांसाठी खानावळ चालवते.

त्या दिवशी सकाळी मी बांगडे साफ करत होते. हातातला बांगडा निसटून खाली पडला. उचलायला गेले तर उजवा हात माझा नव्हताच. पडवीत नवरा पेपर वाचत होता. त्याला हाक मारायची म्हणून ‘अहो’ म्हणायला गेले, तर तोंडातून आलं, ‘व्हय.’

तो तिथूनच म्हणाला, “काय व्हय?”

मी पुन्हा जोर लावला. पुन्हा ‘व्हय’च. तो हसला आणि पान उलटलं. मी जमिनीवर कोसळल्याचा आवाज आला तेव्हा कुठे तो आत धावला.

हॉस्पिटलात कळलं की डोक्याच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. वाडीत याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. डॉक्टरांनी नवऱ्याला नीट समजावून सांगितलं: यांना बहुतेक सगळं कळतंय, जीभही ठीक आहे, पण मेंदूतली शब्द शोधून आणणारी जागा बिघडली आहे. अशा माणसाच्या तोंडात कधी कधी एकच शब्द उरतो आणि काहीही बोलायला गेलं की तोच बाहेर पडतो. कोणाच्या तोंडात देवाचं नाव उरतं, कोणाच्या तोंडात शिवी. माझ्या तोंडात ‘व्हय’ उरलं. शिवी उरली असती तर माझं सोनं झालं असतं.

पाणी हवं, व्हय. पाणी नको, व्हय. पंखा बंद करा, कूस बदलून द्या, या बाईला माझ्या उशाशी बसवू नका, सगळ्याला व्हय. आत वाक्य अख्खं तयार असायचं, अगदी पूर्णविरामासकट, आणि ओठांशी येईपर्यंत त्याचं व्हय व्हायचं. मान हलवून नाही म्हणावं, तर मानही फितूर झालेली. आडवी हलवायला जावं तर उभीच हलायची. एक डावा हात तेवढा माझ्या बाजूने होता. त्याने मी ढकलायचे, झिडकारायचे. त्यावर जाऊ म्हणायची, “बघलात? हात हलवतत. सुधारतत वयनी.”

घरी आल्यावर जावेने पेजेची वाटी तोंडाशी धरली. गिळताना अर्धी पेज हनुवटीवरून गळ्यात उतरायची. तोंडाचा उजवा कोपरा सतत पाझरत असायचा. मी माझ्याच लाळेच्या वासात पडून असायचे आणि मला माझी किळस यायची. ती विचारायची, “आणखी घालू, वयनी?”

“व्हय.”

आली पेज. ठसका लागून जीव कासावीस झाला की पाठीवर थापट्या. मग, “आता थोडी घेतास?” व्हय. आयुष्यात मी एवढी पेज कधी प्याले नव्हते, आणि यापुढे मेले तरी पिणार नाही.

पेजेचं एक सोडा, पण घरात होकार फुकट मिळतो म्हटल्यावर माणसं काय काय मागायला लागतात ते मी बघितलं. माझ्या पुस्तकांच्या खोलीत खानावळीचे सिलिंडर आणि थंड पेयांचे क्रेट ठेवायचे होते. मी धड असताना या विषयावर जावेची तोंड उघडायची छाती नव्हती. आता ती माझ्या नवऱ्यासमोर मला विचारून गेली, आणि मी अंगातली सगळी शक्ती लावून, डोळे वटारून म्हणाले, “व्हय!” संध्याकाळपर्यंत क्रेट लागलेसुद्धा. लग्न झाल्यापासून माझ्या नवऱ्याने माझ्या तोंडून एवढे होकार ऐकले नव्हते. त्याचा चेहरा हळूहळू निवांत होत गेला. खिडकीखालून जाताना दोघी बायका बोलत होत्या, “बाई कशे शांत झाले बघ. देवान बराच केल्यान.” मला बोलता येत नव्हतं, पण कान बहिरे झाले नव्हते.

आणि समाचार! आमच्याकडे माणूस आजारी पडला की त्याला बघायला जायचं असतं. न जाणं वाईट दिसतं. तेव्हा बिस्किटांचा पुडा घेऊन सगळी वाडी आली, बाजारातली ओळखीची आली, जुने विद्यार्थी आले. आणि प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, खुर्ची ओढून माझ्या तोंडावर तोंड आणून तोच प्रश्न विचारला.

“माका वळाखलंस?”

“व्हय.”

“खराच? मगे माझा नाव काय ता सांग बघूया!”

“व्हय.”

की मग बघणाऱ्यांकडे वळून, “नाय वळाखल्यान गो!” चुकचुकायचं, पदर डोळ्यांना लावायचा, चहा प्यायचा, आणि नवऱ्याला विचारायचं की आता प्रातर्विधीचं कसं करतात. माझ्यासमोर! चहा पिता पिता! मी वर्गात मुलांची तोंडी परीक्षा घ्यायचे, पण गळ्यात लाळेरं बांधून कोणाची घेतल्याचं मला आठवत नाही. माझा एक जुना विद्यार्थी पर्यटकांना पाण्याखाली मासे दाखवायचा धंदा करतो. तो तर, “बाईनू, आऽऽ करा बघूया, आऽऽ,” असं म्हणत माझ्या तोंडात केळं कोंबायला आला. ओठ मिटलेले ठेवणं मला अजून जमत होतं, म्हणून मी वाचले.

त्या दिवसांत मला सगळ्यांची शिसारी आली होती. त्यात मी स्वतःही आलेच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून नवऱ्याने स्पीच थेरपी देणारं कोणी मिळतं का ते शोधलं. एक मुलगी मिळाली. मूळची दोडामार्गाकडची, नोकरी गोव्यातल्या एका हॉस्पिटलात. आठवड्याच्या सुट्टीला ती एसटीने मालवणात यायची आणि दोन-चार घरी जाऊन पेशंट बघायची. पहिल्या दिवशी तिने पिशवीतून चित्रांची कार्डं काढली. सफरचंद. अस्वल. बर्फावरून घसरणारा मुलगा. मी डाव्या हाताने गठ्ठा ढकलून दिला. कार्डं पलंगाखाली गेली. जाऊ ‘असां करू नये हां, वयनी’ म्हणत वाकली, आणि उठताना माझी लाळ गळताना दिसली म्हणून तिने खांद्यावरचं फडकं घेऊन माझं तोंड पुसलं. त्याच फडक्याने तिने आत्ताच खानावळीत मासे कापायचा ओटा पुसला होता. माशाचं गार पाणी माझ्या ओठांना लागलं.

“शी!” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यात जास्त मीच दचकले. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडातून व्हय सोडून दुसरं काहीतरी बाहेर पडलं होतं.

ती मुलगी पलंगावर माझ्या शेजारी येऊन बसली. “बाई, परत म्हणा.”

मी म्हणायला गेले. “व्हय.”

“बरोबर,” ती म्हणाली. “मागून येणार नाही ते. ‘शी’ हा शब्द आपण शोधून आणत नाही, तो आपोआप येतो. त्याचा रस्ता वेगळा असतो आणि तुमचा तो रस्ता चालू आहे. आता आपण त्याच रस्त्याने ‘नाही’पर्यंत जायचं. सफरचंद नंतर बघू. माणसाला आधी नाही म्हणता आलं पाहिजे.”

मग तिने नवऱ्याला समोर बसवलं. “काका, यांच्या व्हयवर अजिबात जायचं नाही. व्हय म्हणाल्या की तोंडाकडे बघायचं. तोंड काय सांगतंय ते खरं धरायचं. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची, एकदा सरळ, एकदा उलटी. चहा हवा? मग, चहा नको? आणि घाई करायची नाही.” नवरा मान डोलवत राहिला. त्याची मानही माझ्यासारखीच, फक्त उभी हलणारी.

पुढच्या खेपेला तिने नवऱ्याला बाजारातून ताजे मासे आणून ठेवायला सांगितले होते. ताटात बांगडे, दोन पेडवे आणि एक सौंदाळा होता. तिने बांगडा शेपटीला धरून माझ्यासमोर नाचवला आणि मालवणीत म्हणाली, “बाईनू, ह्या पापलेट बरा आसा मा?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चुकीचं उत्तर! तेही बांगड्याला पापलेट! “शी!”

“पापलेट न्हय? मगे सुरमय आसतली.”

“शी!”

“आता माझ्या तोंडाकडे बघा.” तिने जीभ दातांमागे टेकवून दाखवली. माझा डावा हात हातात घेऊन माझ्याच मांडीवर ताल धरला, एक लांब, एक आखूड. “शी. ना-य. शी. ना-य.” मग लगेच सौंदाळा उचलला, “ह्यो तर बोंबील!” एवढ्या अडाणी पोरीला कोणी पदवी दिली म्हणून मी चिडले, आणि त्या चिडण्यात माझी जीभ दातांमागे गेली. “न्न,” असा काहीतरी आवाज आला. ती दोडामार्गाकडची, काजू-केळीतली. तिला मासे खरंच ओळखू येत नव्हते की ती मुद्दाम करत होती, हे मी अजून विचारलेलं नाही.

ती दर आठवड्याला येऊन मला छळायची. माझी किळस कशाच्या तरी उपयोगी पडते आहे, हे मला बरं वाटायचं. मधल्या दिवसांत नवऱ्याने रोज तसाच सराव घ्यायचा होता. दोन-तीन दिवस त्याने घेतला, पण त्याला बांगड्याला पापलेट म्हणायची लाज वाटायची. “ह्या काय पोरखेळ,” म्हणून तो मासे आत नेऊन ठेवायचा. ‘न्न’ काही पुढे सरकत नव्हतं.

त्याच सुमारास जावेला कुठून तरी पत्ता लागला की लांबच्या एका गावात वाऱ्याचं औषध देणारा म्हातारा आहे. उठून चालायला लागलेले लोक तिने स्वतः बघितले होते म्हणे. म्हाताऱ्याची एकच अट होती. “माझ्या औषधाबरोबर दुसरा औषध चलना नाय. काय ता एक करा.”

नवरा माझ्यासमोर बसला. शेजारी जाऊ.

“तुका त्या पोरीचो कंटाळो इलो मा गो? थोडे दिवस बंद करूया? आणि त्या म्हाताऱ्याचा औषध करून बघूया?”

मी सगळा जीव एकवटला. जीभ दातांमागे टेकवली. डाव्या हाताने मांडीवर ताल धरला, एक लांब, एक आखूड. आणि तोंडातून आलं, “व्हय.”

मी डोकं आपटलं. पुन्हा म्हटलं, व्हय, व्हय, व्हय. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हाताने त्याला ढकललं. त्याला सांगितलं होतं, तोंडाकडे बघा म्हणून. एवढंच सांगितलं होतं. तो जमिनीकडे बघत होता.

“बघलात,” जाऊ म्हणाली, “किती आशा लागली हा बिचाऱ्यांका.”

त्याने तिथेच बसून त्या मुलीला फोन लावला आणि सांगितलं की बायको स्वतःच बंद करायला व्हय म्हणाली. पलीकडून ती बराच वेळ काहीतरी बोलत होती. “व्हय, व्हय,” म्हणून त्याने फोन ठेवला.

औषध म्हणजे कबुतर. जिवंत आणायचं, पडवीच्या पायरीवर कापायचं आणि गरम रक्त माझ्या उजव्या हाताला, गालाला, ओठांच्या कोपऱ्याला चोळायचं. संध्याकाळपर्यंत धुवायचं नाही. मांसाचं मिरी घालून कढण करायचं आणि पाजायचं. वर कसलीशी पूड जिभेवर घासायची. त्या पुडीने तोंडाला असे काही झटके बसायचे की लाळेचा पाटच सुरू व्हायचा. म्हातारा बघायला यायचा आणि खूश व्हायचा. “वाचा सुटता ती अशीच,” म्हणायचा.

ज्याने कधी अंगावर वाळलेलं रक्त घेऊन दुपार काढली नसेल त्याला मी काय सांगू? कातडी ओढते. सुकलेले पापुद्रे उशीवर पडतात. माश्या ओठांच्या कोपऱ्यावर बसतात, आणि त्या उठवायला एकच हात असतो, तोही थकतो. कढण प्यायले की तेच रक्त नाकाशी यायचं. आणि भिंतीपलीकडे पर्यटक जेवत असायचे. “आणखी एक सोलकढी!” कोणीतरी ओरडायचं. पलीकडे जाऊन सोलकढी वाढायची आणि परत येऊन माझ्या गालाला रक्त चोळायचं, ही माझ्या जावेची दुपार. हात मध्ये धुवायची की नाही मला माहीत नाही.

मी शी म्हणायचे. सारखी म्हणायचे. “शी! शी!” ते सगळ्यांना ऐकू येत होतं. नवरा उठून बाहेर जाऊन बसायचा. जाऊ म्हणायची, “औषध म्हटल्यार वास येतलोच, वयनी. जरा सोसा.” त्यांना त्या ‘शी’त नकार दिसत नव्हता, कारण माझा होकार त्यांनी आधीच घेऊन ठेवलेला होता.

मला काय हवं होतं ते साधं होतं. मला ती मुलगी परत हवी होती. आणि ती परत यायला मला एक शब्द हवा होता, जो शिकवायला तीच हवी होती.

सराव घेणारं कोणी नव्हतं. पण माझ्या खिडकीतून समोर जावेच्या खानावळीचा बोर्ड दिसायचा. ‘घरगुती मालवणी जेवण’ आणि खाली ‘सुरमई थाळी’. त्याच्या बाजूला रंगवणाऱ्याने एक मासा काढला होता. गोल पोट, लाल कल्ले, फेंदारलेली शेपटी आणि डोळ्यांना पापण्या. या समुद्रात असला मासा नाही. कुठल्याच समुद्रात नसावा. आणि त्याच्या अंगावर लिहिलेलं, सुरमई. तो बोर्ड लागला तेव्हाच मी जावेला तीनदा सांगितलं होतं की बदल. आता मी दिवसभर त्याच्याकडे बघत पडायचे. डोक्यात तिडीक उठेपर्यंत बघायचे. मग म्हणायचे, शी. आणि जीभ दातांमागे. न्न. शी. ना. हात मांडीवर. खोलीत कोणी आलं की तो मासा हरवायचा आणि व्हय परत यायचं. ते माणूस गेलं की पुन्हा सुरमई. मला माहीत आहे, बाहेरून बघणाऱ्याला मी बोर्डाकडे टक लावून शी-शी करणारी वेडी बाई दिसत असेन. बिस्किटांचे पुडे आणणाऱ्यांनी तसं गावभर सांगितलंही.

औषधाची मुदत भरली. काही सुधारलं नव्हतं. उजवा गाल तेवढा सोलवटला होता. म्हातारा म्हणाला, आता देवाला गाऱ्हाणं घाला, म्हणजे औषध लागू पडेल. आमच्याकडे काही मागायचं असलं की वाडीतला जाणता माणूस नारळ ठेवून देवापुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने एकेक मागणं मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. देवाशी माझं भांडण नाही. लहानपणापासून मीही कितीतरी गाऱ्हाण्यांना घसा फोडून व्हय म्हाराजा म्हटलं आहे. कदाचित म्हणूनच तो शब्द मेंदूत इतका खोल गेला असेल. कोण जाणे.

मला धुऊन, साडी गुंडाळून, खुर्चीत घालून पडवीत बसवलं. वाडी जमली. जाणत्याने नारळाला हात लावला, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या घराची सून अंथरुणाक खिळलेली आसा, तिची वाचा बंद झालेली आसा, ती मोकळी कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” म्हणताना बायकांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याबरोबर म्हटलं होतं. ते मागणं माझंच होतं. तो व्हय मनापासूनचा होता आणि कोणाला त्यातला फरक कळला नाही.

“आणि आता ह्या घरान डॉक्टर, ती पोरगी, सगळो भायलो उपचार सोडून तुझ्यावरच भार घातलेलो आसा, हेच्या फुडे दुसऱ्या कोणाक ते विचारूचे नायत, ता तू गोड मानून घी रे म्हाराजा!”

पडवीसमोर बोर्ड होता. पापण्यांचा मासा माझ्याकडे बघत होता. ‘व्हय म्हा’पर्यंत सगळे आले आणि त्यांच्या मध्ये, माझ्या जुन्या आवाजात, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं, माझ्या तोंडातून आलं:

“नाय!”

जाणत्याने डोळे उघडले नाहीत. कोणा पोराने आगाऊपणा केला असं वाटून त्याने तेच मागणं पुन्हा मांडलं, आणखी मोठ्याने.

“नाय,” मी म्हणाले.

“अगे माय गे!” जाऊ ओरडली. “देवाक नाय म्हणतत!”

कोणी हात जोडले, कोणी वाचा फुटली, वाचा फुटली म्हणून टाळ्या पिटल्या. कोपऱ्यात बसलेला म्हातारा उठून पुढे आला. “बघलात माझा औषध? आता आणखी दोन कबुतारां झाली की फाडफाड बोलतली.” अंगाला हात लावायला वाकला तो.

“शी,” मी म्हणाले. “नाय. नाय. नाय.” थांबताच येईना. लाळ गळत होती आणि मी ती पुसायलाही थांबले नाही.

माणसं पांगली. नारळ तसाच राहिला. संध्याकाळी नवरा माझ्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसला. मग वर्गातल्या कच्च्या मुलासारखा, अडखळत विचारायला लागला.

“कबुतार?”

“नाय.”

“पेज?”

“नाय.”

“पुस्तकांच्या खोलीतले ते क्रेट... तुका चलतले?”

“नाय.”

“ती पोरगी बंद करूची होती तुका?”

“नाय.”

त्याने हात चोळले. “मी तेवा इचारलंय तुका. तू व्हय म्हटलंस. मी तेच्यावर गेलंय.” त्यावर जे म्हणायचं होतं तेवढे शब्द माझ्याकडे नव्हते. मग तो म्हणाला, “ह्या दिवसांत तुका माझी किळस इली?”

आता माझ्याकडे दोन शब्द होते. दोन्ही तोंडात होते आणि दोन्ही येत होते, हे मला कळत होतं. मी घाई केली नाही. तो थांबला.

“व्हय,” मी म्हणाले.

त्याने मान वर केली आणि, त्या मुलीने सांगितलं होतं तसं, पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. तोंडही तेच सांगत होतं. मग त्याने खिशातून फोन काढला आणि तिचा नंबर लावला.